ओनोदेरा-सानची अट

नवऱ्याच्या अंड्यांसाठी वेगळं पातेलं ठेवणारी नंदिनी जपानमधल्या सेंदाईतल्या आपल्या स्वयंपाकघरात मेलेलं रानबदक सोलत बसली होती. एरवी कोंबडीवर ताव मारणारा शिरीष मात्र दारातूनच बघत होता. किनाऱ्यावरच्या एका शाळेतले पेंढा भरलेले पक्षी त्सुनामीत वाहून गेले, तेव्हा पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या नंदिनीने नवे करून द्यायचं अंगावर घेतलं. शिकारी ओनोदेरा-साननी हे बदक दिलं, पण एका अटीवर: मांस वाया जाता कामा नये.

बदकाचं डोकं मानेच्या अरुंद कातड्यातून बाहेर येत नाही, म्हणून तिने मानेमागे बारीक चीर दिली आणि कातडं हलक्या हाताने उलटवलं. मग ते साबणाने धुऊन हेअर ड्रायरने वाळवलं, तशी हिरवी मान पुन्हा झळाळली. एकही पीस मोडलं नव्हतं. शिरीष बघतच राहिला.

जेवायला तिने मांसाचा रस्सा वाढला. शिरीषने घास उचलला, तेवढ्यात खिडकीपाशी ठेवलेली ती हिरवी मान दिसली.

"नाही जात गं," तो म्हणाला.

"मी शब्द दिलाय त्यांना," म्हणत नंदिनीने ताट स्वतःकडे ओढलं आणि जन्मात पहिल्यांदा मांसाचा घास तोंडात घातला.