बिनआकड्याची कातर

मी एक जुनी कातर आहे. पण मित्रांनो, कापड कापणारी ती नाजूक बाई मी नव्हे हं! मी पत्रा कापते. माझं जड ओतीव अंग टेबलाला बोल्टांनी आवळलेलं आहे. खालचं पातं पक्कं बसवलेलं, वरचं हलणारं, आणि ते हलवायला लोखंडी दांडा. दांडा खाली ओढला की जाड पत्राही कर्रकन दुभागतो.

ऐन उमेदीची वर्षं मी एका पत्रेवाल्याच्या दुकानात राबले. डबे, बादल्या, नळकांडी, काय म्हणाल ते कापलं. "कातर असावी तर अशी!" म्हणून तो माझी पाठ थोपटायचा. पुढे तो थकला, दुकान मिटलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या डोक्यावर रंगाचे डबे रचले होते. असा संताप यायचा, काय सांगू!

मला तिथून बाहेर काढलं त्याच्या मुलीने. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते. स्वयंपाकघरामागच्या खोलीत ती शेगड्यांची धुराडी करते. पण तिचा उजवा खांदा धरलेला. माझा दांडा ओढताना ती दातओठ खायची. धाकट्याला ते पाहवेना.

"ताई, दांडा लांब करून देतो. अर्ध्या जोरात काम होईल."

"माझी कातर बिघडवलीस तर जेवायला वाढणार नाही, सांगून ठेवते!"

त्याने दांड्यावर लांबलचक पाइप चढवून जोडला. आता मध्ये आला माझा आकडा. काम झालं की दांडा वर उचलून या आकड्यात अडकवायचा, म्हणजे तो आपोआप खाली येत नाही. पाइप काही त्यात बसेना. धाकट्याने सरळ आकडा कापून टाकला.

"नवा रविवारी करतो," तो म्हणाला. "तोवर दांडा आपला आपण उभा राहतोय की!"

राहत होता खरा. पण कशामुळे? दांडा ज्यावर फिरतो तो माझा मोठा बोल्ट गंजून आखडला होता म्हणून! रविवार आला आणि गेला. ताईचं काम मात्र सोपं झालं होतं, त्यामुळे आकड्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

मग एकदा ताई म्हणाली, "फार कुरकुरते रे ही." धाकट्याने लगेच बोल्टात तेल सोडलं, नटही थोडा सैल केला.

"अरे वा! लोण्यासारखी चालतेय!" ताई खूश झाली. मीही सुखावले, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, दांडा आता उभा राहायला कुरबुर करतोय. लांब पाइपचं सगळं वजन पुढे झुकत होतं. मित्रांनो, मला एवढा मोठा जबडा आहे, पण ओरडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने एक पत्रा कापला आणि दांडा वर केला. पत्र्याची बारीक चिरफळी पात्यांमध्ये अडकली होती. ती काढायला ताईने हात आत घातला.

दांडा हलला. आधी अगदी हळू. ताईची नजर चिरफळीवर होती. मी गंज शोधत होते, एखादा खडबडीत कण तरी, ज्याच्यावर अडून बसता येईल. सगळीकडे तेल!

समोर धाकटा धुराड्याला रिबिटा, म्हणजे पत्रे जोडायचे बुटके खिळे, मारत होता. रिबिटा ओठांत धरायची त्याची सवय. त्याने पाइप कलताना पाहिला. ओरडायला तोंड उघडलं तर रिबिटाच सांडल्या, आवाज फुटलाच नाही. त्याने तशीच झेप घेतली आणि खांदा पाइपखाली घातला.

धप्प!

ताईने हात ओढला. तिच्या हातमोज्याचं एक टोक माझ्या पात्यांत राहिलं.

"सोड रे, खांदा गेला तुझा!"

"आधी हात दाखव."

"अरे, पण..."

"हात दाखव म्हणतो ना, ताई!"

तिने मोजा काढला. बोटाला नुसतं खरचटलं होतं. धाकटा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "माझ्यामुळे गं, माझ्यामुळे."

"गप रे, गधड्या," ताई म्हणाली. तिने दांडा दोरीने घट्ट बांधून टाकला. नवा आकडा बसेपर्यंत तिने मला हात लावला नाही.

मित्रांनो, आम्हा अवजारांना तेल द्या, पुसा, हवं तर लाडही करा. सोयीसाठी बदल करायचा तरी करा. पण जे काढाल त्याच्या जागी दुसरं बसवल्याशिवाय आम्हाला कामाला जुंपू नका. आणि आमच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. माझा ताईवर फार जीव आहे. त्या सकाळीही होता. तरी मी खाली येतच होते.