ऑइलपेंट लागलेला फळा

मी बोलतोय, विहाराजवळच्या चौकातला फळा. माझ्यावर लिहिलेलं लोक वाचायचे, तोवर मला तोंड उघडायची गरज पडली नव्हती.

मुखरू सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि बॅटरीच्या जुन्या सेलांची काळी पूड चोळली. अश्वजित तेव्हा नुसता कवी होता. दर रविवारी वंदना झाली की तो ओल्या फडक्याने मला पुसायचा आणि चार ओळी लिहायचा. पुढच्या रविवारपर्यंत त्यांना कोणी हात लावत नसे.

"कविता वहीत लपवाची नसते," तो म्हणायचा. "चौकात लिवाची. जो पुसन, तो वस्तीचा वैरी!"

वीजकेंद्राचे कोळशाचे आणि राखेचे ट्रक वस्तीतूनच जायचे. शेजारच्या गिरजाबाईंना खोकला जडला, तेव्हा त्याने लिहिलं:

उजेड गेला दूरदेशी,
राख राह्यली आमच्यापाशी;
खुर्चीवाल्या, सांग मले,
खोकलू कोनाच्या दाराशी?

गिरजाबाईंना अक्षरओळख नाही, पण ओळी पाठ झाल्या. याच ओळींवर अश्वजित नगरसेवक झाला. ट्रक बाहेरच्या रस्त्याने वळवीन, असा शब्द त्याने दिला होता. मीसुद्धा भुललो, काय सांगू!

पालिकेच्या सभेत ठराव आला, ट्रक वस्तीतूनच जातील. अश्वजितने ठरावाच्या बाजूने हात वर केला.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई खोकत त्याच्या बायकोकडे, स्वातीकडे गेल्या. "बाई, त्या चार ओळी पुन्हा लिवून दे."

स्वातीने लिहिल्या. लोक जमले. तेवढ्यात गाडीतून अश्वजित उतरला.

"स्वाती, तुले कोनं लिवाले सांगतलं?"

"तुमीच."

"तुले राजकारण समजत नाई. पुढच्या सभेत पाहू ना!"

"बाबू," गिरजाबाई म्हणाल्या, "मी तवरक जगन काय?"

त्याने खिशातला रुमाल काढला आणि स्वतःच्या ओळी स्वतःच पुसल्या. ओलं फडकंसुद्धा घेतलं नाही मेल्याने!

आठवड्यात माझ्यावर पिवळा ऑइलपेंट चढला. 'विकासपुरुष अश्वजितभाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' स्वातीने एकदा खडू घासून पाहिला. नुसता घसरला.

ट्रक अजून जातात. त्याच्या नावावर राख बसते आणि ती पुसायला मात्र माणूस ठेवलाय. गिरजाबाई आता चौकात येत नाहीत, त्यांचा खोकला घरातून ऐकू येतो.

कोणीतरी या, मला खरवडा. लागलं तर लागू द्या. आतला काळा रंग अजून शाबूत आहे. पण गिरजाबाईंचा खोकला थांबायच्या आधी या.