इंदुताईंना काही कळत नाही

काळेवाडीतल्या अंगणवाडीत बावीस वर्षं काढलेल्या इंदुताईंना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. पोरानं तोंड उघडायच्या आत त्याच्या मनातलं त्यांना कळायचं. सोनू एका पायावर उभा राहिला की त्याला मागच्या संडासात न्यायचं. समर्थ कॉलर चावायला लागला की त्याला भूक लागलेली असते. आणि संघर्षनं पदराचं टोक एकदा ओढलं तर पाणी, दोनदा ओढलं तर संडास. तपासणीला मॅडम आल्या की इंदुताई कौतुकानं सांगायच्या, "माझ्या पोरांना काही मागावं लागत नाही." सांगताना मान आपोआप ताठ व्हायची.

एप्रिलमध्ये ती मान खाली आली. भाजी घेताना पिंकीची आई भेटली. पिंकी म्हणजे इंदुताईंकडून गेल्याच वर्षी पहिलीत गेलेली मुलगी. शाळा कशी चाललीय असं विचारल्यावर आईनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. तिसऱ्याच दिवशी पोरगी वर्गात बसल्या जागी ओली झाली होती. लागलीय, हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी तिनं युनिफॉर्म अंगाला लावू दिला नाही, आणि महिनाभर रडारड झाल्यावर तिला बीडला आजीकडं पाठवून दिलं.

"तुमच्याकडं तिला बोलायची वेळच आली न्हाई कधी, ताई," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

इंदुताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बावीस वर्षं आपण ज्याला माया म्हणत होतो त्यानं पोरं मुकी केली, असं त्यांना राहून राहून वाटत होतं. पण हळहळत बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. या जूनमध्ये आठ पोरं पहिलीत जाणार होती आणि हातात सात आठवडे होते. दुसऱ्या दिवशी सतरंजी अंथरून झाल्यावर त्यांनी पदर खोचला आणि जाहीर केलं, "पोरांनो, आजपासून मला काही कळत नाही. ज्याला जे हवं ते त्यानं तोंडानं सांगायचं."

मदतनीस कस्तुराबाई खिचडी ढवळत होत्या. त्या थेरगावच्या जुन्या गावकऱ्यांतल्या. त्यांचा हात थांबला. "आवो ताई, याड लागलंय व्हय तुमाला? ल्हान पोरं हायती ती."

"जूनला शाळेत गेली की ती लहान राहणार नाहीत, कस्तुराबाई. तुम्हीपण काही ओळखायचं नाही."

"मी न्हाई ओळखत. पर खिचडी सांडली तर तेवढी मला कळंल," असं म्हणून कस्तुराबाईंनी पळी आपटली.

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ होता. पोरं समोर येऊन उभी राहायची, खाणाखुणा करायची, आणि इंदुताई दगडासारखा चेहरा करून विचारायच्या, "काय झालं?" हे त्यांच्या किती जिवावर यायचं ते त्यांनाच ठाऊक. पण पोरं चलाख. चौथ्या दिवशी सोनू भाजीवाल्याच्या आवाजात "ताई, शूऽऽ!" असं ओरडला आणि पार गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं. आठवड्यात सात जणांना वाचा फुटली. समर्थ तर भूक नसतानाही मागायला लागला.

राहिला एकटा संघर्ष.

खरं म्हणजे संघर्ष इंदुताईंच्या अंगाखांद्यावरच वाढला होता. त्याची आई रश्मी चाकणच्या एका कंपनीत काँट्रॅक्टवर होती, गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर. सहाला कंपनीची बस चौकात यायची, त्याआधी ती पोराला इंदुताईंच्या घरी सोडायची. बाप जयसिंग ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस गुजरातेत. रश्मीनं इंदुताईंना स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "ताई, शाळेतून फोन आला तर मला लाइन सोडून येता येत नाही. महिनाभरात रुळला नाही, तर त्याला उदगीरला आईकडं ठेवावं लागंल." हे सांगताना तिनं पोराला इतकं घट्ट धरलं होतं की तो कुरकुरला.

त्यामुळे इंदुताईंनी चंग बांधला होता. आणि पोरगंही कमी नव्हतं. पदर ओढून काही होत नाही म्हटल्यावर त्यानं पदर सोडला, आणि मागणंही सोडलं. सकाळी एक घोट पाणी प्यायचा, मग दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसायचा, पाय आवळून. इंदुताई बघायच्या, त्यांना सगळं कळायचं, आणि त्या नजर वळवायच्या. दोन हट्टी माणसांची ती कुस्ती होती, त्यातला एक सहा वर्षांचा.

कुस्ती इंदुताई हरल्या. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी, सगळ्यांच्या देखत, संघर्षच्या चड्डीतून सतरंजीवर ओल पसरली. तो रडला नाही. नुसता खाली बघत राहिला. सोनू हसायला लागला तेव्हा कस्तुराबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि इंदुताईंकडं असं बघितलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिंकीचं जे शाळेत झालं तेच त्यांनी स्वतःच्या हातानं इथं घडवून आणलं होतं.

साडेचारला रश्मी आली, तेव्हा इंदुताईंनी काही झाकलं नाही. रश्मीचा चेहरा लाल झाला. "तुमाला समजत होतं, तरी बघत बसलात?"

"हो. चुकलं माझं."

रश्मी पोरावरच घसरली. "आणि तू? सांगायला काय झालं होतं तुला?"

संघर्ष म्हणाला, "मी दाबून धरलं होतं. तुझ्यासारखं. पण सुटलं."

कस्तुराबाईंनी रश्मीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तिनं तो एका दमात संपवला. सकाळी सहानंतर तिच्या पोटात गेलेलं ते पहिलंच पाणी होतं.

"बदलीला रिलीव्हर आल्याशिवाय जागेवरून हलता येत नाही, ताई. लाइन लीडरला सारखं कोण विचारणार? मग शिफ्टमध्ये पाणीच प्यायचं नाही, आम्ही सगळ्याच तसं करतो. घरी आले की हंडा रिकामा करते. यानं एकदा विचारलं होतं, असं का पितेस. मी म्हणाले, कामावर दाबून धरावं लागतं, मोठ्या जागी असंच राहायचं असतं."

आता इंदुताईंना कळलं, आणि या वेळी खरंच कळलं. पोराला बोलता येत नव्हतं असं नव्हतंच. शाळा ही मोठी जागा, आणि मोठ्या जागी दाबून धरायचं, हे त्यानं मन लावून शिकून घेतलं होतं. शाळेची तयारी त्यानंच सगळ्यांच्या आधी सुरू केली होती.

"मग आता दोघांनाही शिकावं लागेल, रश्मी," त्या म्हणाल्या.

"मला? ताई, जूनमध्ये काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय माझं." रश्मीनं पोराला उचललं आणि ती निघून गेली.

इंदुताईंनी आपल्यापुरता मार्ग बदलला. तपासणीच्या मॅडमसाठी ठेवलेली लाल खुर्ची त्यांनी मधोमध मांडली. रोज एक पोर खुर्चीवर बसणार, ते सर किंवा मॅडम. बाकी सगळ्यांनी, म्हणजे इंदुताई आणि कस्तुराबाईंनीसुद्धा, त्याला विचारून जायचं. पोरांनी अंगणवाडी डोक्यावर घेतली. समर्थ सरांनी सकाळपासून सगळ्यांना हो म्हटलं आणि दहा वाजता त्यांचा वर्ग रिकामा झाला.

संघर्ष खुर्चीत बसला त्या दिवशी इंदुताई स्वतः पुढं झाल्या. "सर, मी बाथरूमला जाऊन येऊ का?"

संघर्षनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाही. लाइन चालू आहे."

कस्तुराबाईंनी तोंडाला पदर लावला. इंदुताईंना हसू आलं नाही. त्या जागेवर गेल्या, वळल्या, परत आल्या. "सर, मला खरंच लागलीय. जाऊ का?"

"थांबा."

"सर, थांबता येत नाही. मी जाते, दोन मिनिटांत येते," असं म्हणून त्या शांतपणे निघाल्या आणि गेल्या. त्या परत आल्या तेव्हा संघर्ष खुर्चीवरून उतरून दारात उभा होता.

"नाही म्हटलं तरी जायचं?"

"आधी विचारायचं. ऐकलं नाही तर परत विचारायचं. मग जायचं."

"मग ओरडले तर?"

"ओरडू देत."

त्याला ते पटलं नसावं. इंदुताईंनी रोज विचारलं, रोज दोनदा विचारलं, महिनाभर. त्यानं स्वतः एकदाही विचारलं नाही. पाणी अजूनही तो जेमतेमच प्यायचा. शाळा चार दिवसांवर आली आणि इंदुताईंचा धीर पहिल्यांदा खचला.

त्या संध्याकाळी रश्मी आली ती चप्पल न काढताच आत आली आणि पोरासमोर उकिडवी बसली. "आज मी विचारलं."

संघर्षनं मान वर केली. "लीडरला?"

"हो. थांब म्हणाला. मी परत विचारलं. सगळ्या बघायला लागल्या."

"ओरडला?"

"ओरडला. चांगला ओरडला. पण रिलीव्हर पाठवला, आणि मी गेले. मग माझ्यामागून शेजारच्या दोघीजणी गेल्या." काँट्रॅक्टचं काय होणार ते रश्मीला ठाऊक नव्हतं, आणि इंदुताईंनी विचारलं नाही.

संघर्षनं आतल्या माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि पिऊन टाकलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी रश्मीची फर्स्ट शिफ्ट होती. इंदुताईंनी अंगणवाडी कस्तुराबाईंवर सोपवली, आठही पोरांना वर्गात नेऊन बसवलं आणि त्या बाहेर रस्त्यावर, कुंपणाच्या जाळीला धरून उभ्या राहिल्या. पहिलीचा वर्ग जाळीलगतच होता. तासाभरानं संघर्ष उठला. टेबलापर्यंत गेला. वर्गाच्या मॅडम हजेरी लिहीत होत्या, नवी पोरं रडत होती, मॅडमनी वर न बघता हातानंच थांब म्हणून खूण केली. तो दोन पावलं मागं आला.

इंदुताईंच्या ओठांवर शब्द आले होते. मॅडम ओळखीच्या होत्या. जाळीतून एक हाक मारली असती तर काम झालं असतं. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि जाळी आणखी घट्ट धरली.

संघर्ष परत टेबलापाशी गेला. या वेळी त्याचा आवाज बाहेर ऐकू आला. "मॅडम, मला आत्ता जायचंय." मग त्यानं मागं हात दाखवला. दुसऱ्या रांगेत एक अनोळखी मुलगी पाय आवळून, डोळे गच्च मिटून बसली होती. "आणि तिलापण लागलीय. ती सांगत नाहीये."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या मुलीकडं बघून दोघांना जा म्हणून मान हलवली.

दोघं व्हरांड्यातून गेली, इंदुताईंपासून दहा पावलांवरून. संघर्षनं मुलीचा हात धरला होता. त्याचं जाळीकडं लक्षही नव्हतं. संडासाच्या दाराशी पोचल्यावर तो थांबला आणि तिला म्हणाला, "तू जा आधी. मी थांबतो इथं."

भर रस्त्यात इंदुताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. संघर्ष वर्गात परत जाईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.