खोकल्याला उत्तर

आमच्या व्हिएन्नात उभं राहून संगीत ऐकणारे लोक बसून ऐकणाऱ्यांना आजारी समजतात. बसणारे आम्हाला दरिद्री समजतात. दोघांचंही थोडंफार बरोबर आहे.

जुन्या सोनेरी हॉलमध्ये खुर्च्या संपतात तिथे एक कठडा आहे. दारं उघडली की आम्ही धावत नाही, धावायला मनाई आहे. आम्ही फार वेगाने चालतो. कठडा गाठायचा, त्याला स्कार्फ बांधायचा आणि निवांत कॉफी प्यायला जायचं. या शहरात लोकांनी एकमेकांच्या बायका पळवल्या आहेत, पण बांधलेल्या स्कार्फला कोणी हात लावलेला नाही.

माझ्या शेजारची जागा वेसेलीसाहेबांची. निवृत्त भूगोल शिक्षक. रचना संपायच्या आत, तिच्या दोन भागांच्या मध्ये चुकून टाळी वाजवणाऱ्याकडे ते असं बघायचे की तो माणूस पुढच्या वेळी हातमोजे घालून येई. त्यांच्या करड्या स्कार्फपलीकडे कायम एक हिरवा स्कार्फ असायचा. तो एका बाईंचा. कित्येक वर्षं दोघं शेजारी उभी राहिली आणि मान लववण्यापलीकडे गेली नाहीत, कारण कोणी ओळख करून दिली नव्हती.

"मी करून देऊ?" मी एकदा विचारलं होतं.

"तुमची आहे त्यांच्याशी ओळख?"

"नाही."

"मग कसं होणार, डॉक्टर?"

मी दातांच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो, पण आमच्याकडे पदवी आधी मिळते, परीक्षा नंतर.

बोलणं नव्हतं, तरी खोकला होता. एक भाग संपला की सगळा हॉल साठवून ठेवलेला खोकला मोकळा करतो. त्या गदारोळात वेसेलीसाहेब कोरडं, दारावर टकटक केल्यासारखं खोकत. बाई बारीक खोकून उत्तर देत. मग दोघं समाधानाने समोर बघत.

त्या हिवाळ्यात हिरवा स्कार्फ यायचा थांबला. वेसेलीसाहेब त्या जागेवर स्वतःचाच दुसरा स्कार्फ बांधू लागले. त्याला कसर लागली होती.

"इथे कोण आहे?" एका संध्याकाळी पाठीवर पिशवी अडकवलेल्या एका बाईने विचारलं. हॉल खच्चून भरला होता.

"येतायत."

"कधी?"

"बाईसाहेब, स्कार्फ बांधलाय ना?"

ती पाय आपटत मागे गेली.

"डॉक्टर," वेसेलीसाहेब बाईंच्या रिकाम्या जागेकडे बघत हळूच म्हणाले, "त्यांच्या वयाच्या माणसाला काय काय होऊ शकतं?"

"मला फक्त दातांचं येतं. त्यातही खालच्या."

"बरं, मग खालच्या दातांचं सांगा."

मी सांगितलं. त्यांना जरा बरं वाटलं.

पहिला भाग संपला. हॉल खोकला, वेसेलीसाहेबही खोकले. रिकाम्या जागेकडून उत्तर आलं नाही. दुसरा भाग संपला. या वेळी ते गप्प राहिले. सगळ्यांचं खोकून झालं, शांतता झाली, वादकांनी वाद्यं सरसावली, संचालकाने छडी उचलली. आणि वेसेलीसाहेब खोकले.

छडी हवेतच राहिली. संचालक वळला. अख्खा हॉल वळला. मी छताकडे बघू लागलो.

मग बाजूच्या गॅलरीतून एक बारीक खोकला आला.

वेसेलीसाहेबांनी कठडा घट्ट धरला. डोळे भरून आले होते.

"जिवंत आहेत," ते कुजबुजले. मग थोड्या वेळाने, "पण बसल्या आहेत."

मध्यंतरात मी त्यांना ढकलतच वर नेलं. बाई गॅलरीत होत्या, मांडीवर हिरवा स्कार्फ, खुर्चीला टेकवलेली कुबडी. शेजारी त्यांचा भाचा जांभया देत होता. वेसेलीसाहेब मान लववून उभे राहिले. बाईंनी मान लववली. बराच वेळ नुसत्या माना.

शेवटी मी भाच्यापुढे हात केला. "मी योस्ट."

"मी उडो."

"आता जरा बाईंशी माझी ओळख करून द्या."

"मावशी, हे योस्ट. योस्ट, या माझ्या मावशी, क्राल."

"क्रालबाई, हे वेसेलीसाहेब."

"हो का!" बाई म्हणाल्या. आणि बांध फुटला. "अहो, खुबा मोडला माझा! चार कार्यक्रम झाले, मी इथून खोकतेय. तुम्ही त्या सगळ्या गर्दीबरोबर खोकता, मला काय ऐकू येणार?"

"एक निरोप धाडायचा."

"असा कसा धाडणार? आपली ओळख कुठे होती?"

वेसेलीसाहेबांना हे पटलं.

"तुम्ही बसता का इथे?" उडोने आशेने विचारलं. "मी घरी जातो."

"खाली जागा धरलीय," वेसेलीसाहेब दरडावून म्हणाले. "ती वाया घालवायची नाही." आणि बसले. गुडघे कसे वाकवायचे ते आठवायला त्यांना एक क्षण लागला.

अशा रीतीने उत्तरार्धाला कसर लागलेल्या स्कार्फमागे उडो उभा राहिला. पहिला भाग संपला. सगळे खोकले. मी कान देऊन ऐकलं. वरून काहीच आलं नाही. आणि माझ्या शेजारी उडोने, सगळं संपलं असं समजून, जोरजोरात टाळ्या पिटल्या.

मी घाबरून गॅलरीकडे बघितलं. आता हा मुलगा मेला.

वेसेलीसाहेबांचं लक्षच नव्हतं. ते क्रालबाईंच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते. बहुधा खालच्या दातांबद्दल.