वाढवलेला दिवा

समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि मुकुंदरावांनी निजायच्या खोलीची खिडकी कायमची बंद केली. काचेला आतून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, फटींना चिकटपट्टी.

"रेडिएशन दिसत नाही गं त्रिवेणी. जे दिसत नाही तेच माणसाला खातं."

सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नलवर जन्म काढलेला माणूस. त्रिवेणीबाई वाद घालत नसत. उलट ती खोली त्यांच्या पथ्यावरच पडली. अधिकमासाचा अखंड दिवा हॉलमध्ये पंख्यापुढे टिकेना, म्हणून त्यांनी तो या खोलीत, एसीपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवला. मुकुंदरावांच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा बोललेला दिवा. त्यांच्या आयुष्यासाठी.

त्या ऑपरेशनपासून बाईंचं मन धुतलेल्या पाटीसारखं झालं होतं. पोथी वाचायची, तेल घालायचं, भाकरी थापायची. सगळं व्हायचं, पण आत काही पोचत नसे. मुकुंदरावांना कोरडा खोकला लागला तोही त्यांनी तसाच ऐकला, दुसऱ्याच्या घरातला ऐकावा तसा.

एसी गार करीना, म्हणून सकाळी जब्बारमियाँ आले. मेकॅनिक, पिकल्या दाढीचे, बोलणं मोठं अदबीचं. नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावला, तर फेसाला बुडबुडे आले.

"अम्मा, गॅस उतर रहा कमरे में. मशीन बंद रखो, खिड़की खोलो. और वो चिराग बढ़ा दो. मैं कोठी के बाजार से पार्ट ला के शाम को आतूं."

ते गेले तसे मुकुंदराव म्हणाले, "खिडकी उघडायची नाही. टॉवर आहे. आणि एसी चालू दे, जरा तरी गार येतंय. उकडून मरू का मी?"

"बरं."

राहिला दिवा. तेवढं तरी जब्बारमियाँचं ऐकावं म्हणून बाईंनी वात वर सारली, तेल घातलं, शेजारी दुसरी वात लावली. वाईट हवा ज्योतीने जळून जात असेल. धूप-कापूर आपण त्यासाठीच तर जाळतो. खोलीत आंबूस, तिखट वास आला. त्यांना वाटलं, तेल जुनं असेल.

जेवण होऊन मुकुंदराव आडवे झाले आणि खोकला थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. गळा धरून ते उठून बसले. ओठ काळपट पडले होते. बोलायला गेले, तर नुसती शिट्टी आली.

बाई पाहत राहिल्या. भीती वाटायला हवी होती, पण वाटेना. हात मात्र सवयीने जोडले गेले. "मारुतीराया, ह्यांना एवढं निभावू दे. शनिवारी तुला नारळ वाढवीन."

वाढवीन.

नारळ फोडतो म्हणत नाहीत. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. अशुभ ते तोंडाने बोलू नये. जब्बारमियाँही देवापुढच्या ज्योतीला 'बुझा दो' कसं म्हणतील? तेही 'बढ़ा दो'च म्हणाले.

त्यांनी दोन्ही वाती बोटांनी तेलात दाबल्या. बोटं पोळली; तेही नंतर कळलं. एसीचं बटण बंद केलं. चिकटपट्टी ओढली, कागद टरटर फाटला, खिडकी उघडली. मग नवऱ्याला काखेत धरून गॅलरीत नेलं. ऊन भट्टीसारखं होतं. समोर टॉवर.

"टॉवर..." मुकुंदराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"असू द्या. श्वास घ्या तुम्ही."

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी वाफारा दिला, छाती तपासली. घसा कसल्याशा वाफेने भाजलाय, त्या खोलीत आता पाऊल टाकू नका, रात्री धाप लागली तर लगेच दवाखान्यात न्या, म्हणाले. तासाभराने ओठांना रंग आला.

अखंड दिवा खंडला होता. बाई हॉलमध्ये बसून होत्या. रडू येईल म्हणून वाट पाहिली. ते आलं नाही. ह्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

संध्याकाळी जब्बारमियाँ पार्ट घेऊन आले. काजळलेल्या दिव्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "अच्छा किए अम्मा. ये गॅस आग पे गई तो जहर हो जाती. बढ़ा दिए ना चिराग?"

"बढ़ाए," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "दो बार."

आणि चहा ठेवायला आत गेल्या.