नवा गोलकीपर

हॉकीचा मोसम मार्चमध्ये संपतो आणि आमच्या टाउनशिपमधला खरा खेळ एप्रिलमध्ये सुरू होतो. कुणाला आणायचं, कुणाला काढायचं. कारखान्याच्या टीमची भरती जूनच्या आत उरकते, म्हणून दोन महिने आमच्या पिपलानी भागातल्या टपरीवर चहा पिणारा प्रत्येक जण निवडसमितीवर असतो. मुलीला स्थळ बघताना आम्ही जेवढी चौकशी केली नसेल, तेवढी त्या साली जबलपूरच्या एका गोलकीपरची केली. उंची सहा फूट, गुडघे शाबूत. बस, हाच पाहिजे.

आमचा गोलकीपर नरहर चौतिशीचा. सेमीफायनलला शेवटच्या मिनिटात बॉल त्याच्या दोन पायांमधून आत गेला होता. दत्तात्रय म्हणाला, "गोल खाऊन खाऊन पोट सुटलंय साल्याचं. लेथवर उभा करा त्याला, निदान लोखंड तरी अडवेल." सगळे हसले. मीही हसलो. आणि अर्ज मीच लिहिला, कारण आमच्या ब्लॉकचे सगळे अर्ज मीच लिहितो. नरहरला काढा, जबलपूरचा घ्या. दोनशे चौदा सह्या.

सही करताना एकाचाही हात अडखळला नाही. आम्ही सगळे पक्के नोकर. टीममधून काढणं म्हणजे शॉपमध्ये पाठवणं, एवढंच आमच्या टाळक्यात. पगार तोच, क्वार्टर तेच, फक्त मैदानाऐवजी मशीन. या फाटकाच्या आत कुणी कच्चा असू शकतो, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

आठवड्याने कॅन्टीनमध्ये कार्मिक विभागातला गोविंद भेटला. नरहर करारावर आहे, करार जूनमध्ये संपतो, हे त्याने भजी खाता खाता सांगितलं. दर तीन वर्षांनी वाढवून मिळायचा. यंदा साहेबांना कारण हवं होतं, ते आम्ही लेखी दिलं. नोकरी गेली की महिन्याभरात क्वार्टर खाली.

अर्ज परत दे म्हणालो. त्याने मान हलवली. "आवक नंबर पडला, जयंतराव. आता कागद निघत नाही. फार तर दुसरा जोडता येईल. पण सह्या तेवढ्याच आणा, नाहीतर साहेब वाचणारसुद्धा नाहीत. सोमवारी मीटिंग आहे."

तो दिवस गुरुवार. नरहर आमच्याच ब्लॉकमध्ये, माझ्या डोक्यावर राहतो. संध्याकाळी तो जिना चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. दुखऱ्या गुडघ्याने. फिट आहे हे दाखवायला. कुणाला दाखवत होता? एकेक पाऊल मी आत बसून मोजलं. शुक्रवारी ड्यूटीवर जाताना मी सायकल स्टँडच्या मागून गेलो. त्याचा आवाज ऐकला की मी वाट बदलायचो. त्याला कळलं तर तो मारेल, ही भीती नव्हती. तो काहीच बोलणार नाही, याची होती.

त्या दिवशी दुपारी पाळी संपवून घरी आलो, तोच दार वाजलं. नरहरची बायको निर्मला. हातात कोरा कागद.

"भाऊजी, एक अर्ज लिहून द्या. यांचा करार वाढवा म्हणून. कुणीतरी यांच्याविरुद्ध लिहून दिलंय म्हणतात. तुमच्या अक्षराला साहेब मान देतात."

साहेब ते अक्षर बघून काय म्हणणार, ते मला दिसत होतं. नाही म्हणायची सोयही दिसत होती: चष्मा फुटला, बोट कापलं, काहीही. तोंडापर्यंत आलं होतं. निर्मला उभीच होती. गावाकडे, अमरावतीला, आता कुणी उरलं नाही, असं ती बोलता बोलता सांगत होती. मी कागद घेतला. पहिलंच वाक्य लिहिलं: या खेळाडूला काढण्याचा अर्जही माझ्याच हातचा आहे आणि तो त्याच्या कराराची चौकशी न करता लिहिला. मग बाकीचं लिहिलं. तिच्या हातात दिलं.

तिने वाचलं. मग पहिली ओळ परत वाचली. पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला, थंडी वाजावी तसा. मे महिन्यात.

"टपरीवर तुम्ही हसला पण असाल," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

"किती जणांच्या सह्या आहेत?"

"दोनशे चौदा."

"मग चला, याच्यावरही तेवढ्याच सह्या घेऊ. मी बरोबर येते. दार तुम्ही वाजवायचं आणि ही पहिली ओळ तुम्ही वाचून दाखवायची. माझ्यासमोर."

पहिलं घर दत्तात्रयचं. उघड्या खिडकीतून त्याचा आवाज येत होता, जबलपूरचा गोलकीपर सोमवारनंतर येतोय, असं तो कुणाला तरी सांगत होता. निर्मला दोन पायऱ्या खाली थांबली होती, माझ्याकडे बघत.

मी कडी वाजवली.