बडोद्याला सांगायचं नाव

विनायकनं मायक्रोफोनचं बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि घशातून नुसती फुसफुस बाहेर पडली. सकाळपासून तीच ती हाक मारून घसा साफ बसला होता. आणि नेमकं आत्ताच, आठ महिन्यांत पहिल्यांदा, खरखरीतून त्याच्या हाकेला ओ आली होती.

"बोला, बोला! मी दिगंबर, बडोद्याहून. तुमची कॉलसाइन परत सांगा. ओव्हर."

चक्क मराठीत! बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या या माडीवर, लष्कराच्या भंगारातले सुटे भाग जोडून विनायकनं हा वायरलेसचा संच उभा केला होता. रीतसर सरकारी परवाना काढला होता, गच्चीवर लांबच लांब तार ताणली होती. हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मास्तर घरी भिंतीशी बोलतो, असं अख्खी आळी म्हणायची. त्यात शेजाऱ्यांचे पतंग तारेत अडकायला लागले, तेव्हा आई कडाडली होती, "संक्रांतीपर्यंत कोणी बोललं तर बोललं. तेही मला लेखी दाखव. नाहीतर तार खाली!"

संक्रांत उद्यावर आली होती. लेखी म्हणजे कार्ड. हवेतून गाठ पडली की हे वायरलेसवाले एकमेकांना टपालानं कार्ड धाडतात. त्यावर नाव, गाव, आवाज कसा आला, सगळं असतं. कार्ड निघालंय एवढं कळलं असतं तरी आई चार दिवस थांबली असती.

"हॅलो? नुसती फुसफुस येतेय. आहात का? ओव्हर."

विनायक धडाधड जिना उतरला. त्याची बायको उषा स्वयंपाकघरात तिळाचे लाडू वळत होती. त्यानं तिचं मनगटच धरलं.

"अहो, हात चिकट आहेत!"

तो कशाला ऐकतोय? त्यानं तिला वर आणून खुर्चीवर बसवलं, मायक्रोफोन हातात कोंबला आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसला. नियमानं बोलायचं परवानेवाल्यानं; तो बाजूला बसलाय, तेवढं पुरे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. काय झालं ते बघायला मागोमाग त्याची आई, मथुराबाई, धापा टाकत वर आल्या.

कॉलसाइन, म्हणजे परवान्यावर मिळालेली ओळखीची अक्षरं, उषाला पाठच होती. आठ महिने ती रोज खाली ऐकू येत होती, पाठ न होऊन सांगते कुणाला! तिनं बटण दाबून धडाधडा म्हणून दाखवली. "...बुऱ्हाणपूर, मध्य प्रांत. नाही नाही, आता मध्य प्रदेश! ओव्हर."

लाउडस्पीकरमधून हसू आलं. "असू द्या ताई, आमचंही संस्थान गेलं. आता आम्ही मुंबई राज्यात. तुमचा आवाज अगदी खणखणीत येतोय!"

मथुराबाई भिंतीला टेकल्या. "अगं बाई! हा खरंच बडोद्यात बसलाय?"

विनायकनं जोरजोरानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"कार्ड पाठवतो. परवानेवाल्यांचं नाव सांगा. ओव्हर."

उषानं बटण दाबलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, आणि आता उखाणा जुळवायला वेळ कुठला! तिनं मायक्रोफोन सासूपुढे धरला. "तुम्ही सांगा ना. तुमचेच चिरंजीव."

"मी कशी सांगू? मामंजींचंच नाव ठेवलंय त्याला!" सासऱ्याचं नाव मथुराबाईंनी उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. मायक्रोफोनकडे वाकून त्या ओरडल्या, "नाना! नाना म्हणतो आम्ही!"

"नाना कोण? परवान्यावरचं नाव हवंय. जरा लवकर, आवाज विरायला लागलाय. ओव्हर."

विनायकनं खडू घेऊन पाटीवर आपलं नाव लिहिलं, चार बोटं उंचीचं, आणि उषाच्या नाकासमोर धरलं. वाचता काय, तिलाही येत होतं; उच्चारायचं कसं?

"गणपतीचं नाव आहे!" उषा ओरडली. "ओव्हर!"

"गजानन?"

"नाही!"

"हेरंब? लंबोदर?"

"लंबोदर कोण ठेवतंय!" मथुराबाई चिडल्या. "अरे बापा, ते आठ गणपती नाहीत का, अष्ट..." आणि जीभ चावून थांबल्या.

विनायकनं कपाळावर हात मारला. खरखर वाढत होती. बडोद्याचा आवाज लांब लांब चालला होता.

"ताई, गेलंच बघा आता. शेवटचं विचारतो. नाव? ओव्हर."

उषानं सासूकडे पाहिलं. मथुराबाईंनी क्षणभर गच्चीकडे, तारेकडे पाहिलं. मग पाठ फिरवली, पदर ओढून दोन्ही कानांवर दाबला.

"मला काही ऐकू येत नाही. सांगून टाक, जल्दी!"

उषानं डोळे मिटले.

"विनायक," ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, "विनायक! ओव्हर."

"विनायक, बुऱ्हाणपूर. लिहिलं! कार्ड उद्याच टाक..." पुढचं खरखरीत बुडालं.

"झालं का?" म्हणत मथुराबाईंनी पदर सोडला आणि थेट गॅलरी गाठून शेजारणीला हाक मारली. "कोकिळे! अगं कोकिळे, ऐकलंस का? आमचा नाना बडोद्याशी बोलला! पतंगांना सांग तुमच्या, दुसरीकडे उडा म्हणावं!"

विनायकपुढे नोंदवही उघडी होती. वेळ लिहायची होती, बडोदा लिहायचं होतं. पेन्सिल त्याच्या हातात तशीच राहिली.

"पुन्हा म्हण," तो कसाबसा फुसफुसला.

"का? लिहिलं म्हणाले की ते."

"तरी म्हण."

उषा उठली. मायक्रोफोनला चिकटलेले तीळ तिनं नखानं काढले आणि तो जागेवर ठेवला. ओठांवरचं हसू तिला आवरत नव्हतं.

"काहीतरीच तुमचं. स्वतःचं नाव ठाऊक नाही का?"

विनायकनं नाही म्हणून मान हलवली.